जिल्हा न्यायालयाची खरेदी: मान्यता कोणाची, नियम कोणाचे, आक्षेप कुठे येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयाच्या नाझर शाखेत (रोकड आणि साहित्य सांभाळणारी शाखा) नुकत्याच आलेल्या सहायक अधीक्षकांना अभिलेख कक्षासाठी लोखंडी रॅक आणि चार स्कॅनर यांचा खरेदी प्रस्ताव करायला सांगितले आहे. मान्यता उच्च न्यायालयाची की मंत्रालयाची, नियम कोणते लागतात आणि लेखापरीक्षणात नेमके काय पकडले जाते, हे त्यांना हवे आहे.

मान्यतेची वाट उच्च न्यायालयाकडे जाते, पैशाची वाट मंत्रालयातून येते आणि दोन्हींची गाठ प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या सहीखाली पडते. बहुतेक घोळ निविदेत होत नाहीत. ते निविदेच्या आधी होतात (गरज, लेखाशीर्ष म्हणजे खर्चाचे खाते, मान्यता), नाहीतर नंतर (साठा नोंद, देयक, ताळमेळ). म्हणून त्या दोन टोकांवर जास्त लिहितो.

आधी अधिकारांचे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. अनुच्छेद २२७ खाली अधीक्षण आहे, आणि त्याच्या खंड २ मध्ये विवरणपत्रे मागवणे, तसेच पुस्तके, नोंदी व लेखे कोणत्या नमुन्यात ठेवायचे ते ठरवणे हेही येते. म्हणजे तुमची रोकडवही आणि जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ साहित्याची, डेड स्टॉकची वही) मागून तपासायचा उच्च न्यायालयाचा हक्क थेट संविधानातून आला आहे. पैशाच्या बाबतीत मात्र एक फरक पक्का लक्षात ठेवा. अनुच्छेद २२९(३) प्रमाणे उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो, त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. जिल्हा न्यायालयांचा खर्च दत्तमत आहे, म्हणजे तो विधिमंडळाच्या मतदानाने मंजूर होतो. तो विधि व न्याय विभागाच्या जे-१ या मागणीत, मुख्य लेखाशीर्ष २०१४ ‘न्यायदान’ खाली येतो. त्यात उच्च न्यायालयाचे गौण शीर्ष १०२ आणि दिवाणी व सत्र न्यायालयांचे १०५. ‘उच्च न्यायालयाने मंजुरी दिली, मग पैसे का येत नाहीत?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथेच आहे. प्रशासकीय मंजुरी ही तरतूद नव्हे.

‘न्यायालय स्वतंत्र आहे, शासन निर्णय आपल्याला बांधत नाहीत’ हे वाक्य कार्यालयात अधूनमधून ऐकू येते. ते न्यायनिवाड्यापुरते खरे आहे. खुर्ची, रॅक आणि टोनर यांना ते लागू होत नाही. संचित निधीतून रुपया निघाला की मुंबई वित्तीय नियम १९५९, महाराष्ट्र आकस्मिक खर्च नियम १९६५, महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ आणि वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ यांच्या चौकटीतच तो निघतो. खरेदीच्या कार्यपद्धतीसाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय, म्हणजे सगळे जिला ‘खरेदी नियमपुस्तिका’ म्हणतात ती, आणि त्यानंतरची शुद्धिपत्रके व सुधारणा. त्यावर उच्च न्यायालयाची परिपत्रके. परिपत्रकाची अट शासन निर्णयापेक्षा कडक असेल तर कडक अट पाळायची. मूळ निर्णयात ई-निविदेची मर्यादा ३ लाख रुपयांची होती. असे आकडे बदलत असतात. म्हणून प्रस्तावात नुसते ‘शासन निर्णयानुसार’ लिहू नका. प्रस्तावाच्या दिवशी लागू असलेल्या निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लिहा. जुन्या टिपणीवरून मर्यादेचा आकडा उतरवून घेणे हा सर्वात स्वस्तात ओढवून घेतलेला आक्षेप असतो.

आता लेखाशीर्ष. संगणक, स्कॅनर, प्रिंटर यांचा खर्च उद्दिष्ट शीर्ष १७ ‘संगणक खर्च’ मध्ये जातो. रोजचा कार्यालयीन खर्च १३ मध्ये, यंत्रसामग्री व साधनसामग्री ५२ मध्ये, वाहने ५१ मध्ये. १७ मध्ये शिल्लक नाही आणि १३ मध्ये आहे म्हणून स्कॅनर ‘कार्यालयीन साहित्य’ या नावाखाली घेणे म्हणजे अधिकार नसताना केलेले पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षाचा पैसा दुसरीकडे वळवणे. रक्कम लहान असली तरी आक्षेप टिकतो, कारण तो आकड्याचा नाही, वर्गीकरणाचा असतो. योग्य वाट चारमाही आणि आठमाही सुधारित अंदाजांतून जाते. त्या वेळी मागणी शीर्षनिहाय कळवली नाही तर फेब्रुवारीत कितीही स्मरणपत्रे पाठवा, उपयोग होत नाही. बीम्सवर (राज्याची निधी वितरणाची संगणक प्रणाली) त्या शीर्षाखाली तुमच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (कोषागारातून पैसे काढण्याचा अधिकार असलेल्याच्या) नावे रक्कम दिसत नाही तोवर पुरवठा आदेश काढू नका. पत्राने आलेले ‘तत्त्वतः मान्य’ कोषागाराला चालत नाही.

प्रस्तावाचा गाभा म्हणजे गरजेचे समर्थन. रॅकच्या बाबतीत वरून पहिली विचारणा ठरलेली असते: नष्ट करण्यास पात्र अभिलेख आधी काढला का? १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा केंद्रीय कायदा आणि त्याखालचे उच्च न्यायालयाचे नियम यांप्रमाणे निकाली प्रकरणांची कागदपत्रे वर्गवार लावलेली असतात, आणि मुदत संपलेले वर्ग काढून टाकायचे असतात. ते काम थकले असेल तर रॅकची मागणी फुगलेली दिसते, आणि ती फुगलेली असतेही. आधी ती मोहीम करा, उरलेले गठ्ठे मोजा, मग रॅकची संख्या काढा. ‘सुमारे शंभर रॅक’ असा अंदाज लिहिलेला प्रस्ताव परत येतो आणि यायलाच हवा.

वजनाचे गणित फार थोडे लोक करतात, म्हणून ते मांडून दाखवतो. ७५ ग्रॅमचा फुलस्केप कागद धरला तर ५०० कागदांचे, म्हणजे एका रिमाचे, वजन पावणेतीन किलोच्या आसपास आणि जाडी साधारण ५ सेंटिमीटर होते. ९० सेंटिमीटर रुंद फळीवर गठ्ठे आडवे ठेवले तर चार रांगा बसतात. प्रत्येक रांग ३० सेंटिमीटर उंच म्हणजे सहा रिमे, जवळपास १७ किलो. चार रांगा मिळून एका फळीवर ६५ ते ७० किलो. म्हणून विनिर्देशात (वस्तूच्या तांत्रिक अटींत) ‘प्रत्येक फळीवर समान विभागलेला १०० किलो भार, फळी न वाकता’ अशी अट घाला. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा: उभ्या खांबांना १.२ मिमी, फळ्यांना ०.९ मिमी आणि फळीखाली मधोमध पट्टी. नुसते ‘१८ गेज, २० गेज’ लिहिले की पुरवठादार पातळ पत्रा आणून गेजच्या तक्त्यावर वाद घालतो. माल घेताना व्हर्नियर लावून मोजणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

भाराची दुसरी बाजू जमिनीची. पाच फळ्यांच्या भरलेल्या रॅकचे वजन ३५० किलोच्या घरात जाते. रॅक ४० सेंटिमीटर खोल आणि पुढची वाट ७५ सेंटिमीटर धरली, समोरासमोरच्या दोन रॅकमध्ये ती वाट वाटून टाकली, तरी सरासरी भार चौरस मीटरला जवळपास ५०० किलोवर येतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात फाइल ठेवण्याच्या खोल्यांसाठी ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर हा भार धरलेला आहे, म्हणजे आपण बरोबर कडेवर असतो. स्वतंत्र साठवण असलेल्या साध्या कार्यालयीन खोलीसाठी तो २.५ च आहे. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचे रिकामे दालन अभिलेख कक्ष म्हणून वापरायचे ठरते, तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाचे भारक्षमतेचे पत्र प्रस्तावाला जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाकांवर सरकणारे कॉम्पॅक्टर हवे असतील तर मधल्या वाटा जातात आणि भार दुपटीजवळ पोचतो. ते तळमजल्यावरच.

स्कॅनरबाबत दोन गोष्टी. ई-कोर्ट्स प्रकल्पात न्यायालयांचे संगणक उबुंटू लिनक्सवर चालतात. विनिर्देशात ‘लिनक्ससाठी ड्रायव्हर उपलब्ध व प्रात्यक्षिकात चालवून दाखवणे बंधनकारक’ ही ओळ नसेल तर स्कॅनर येतो, जोडला जातो आणि विंडोजचा संगणक शोधत पडून राहतो. दुसरे, कागद आपोआप ओढणारा स्कॅनर नव्या प्रकरणांसाठी उत्तम, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कुरकुरीत कागदासाठी घातक. चारपैकी निदान एक वरून छायाचित्र घेणारा किंवा सपाट काचेचा ठेवा. ३०० डीपीआय आणि पीडीएफ-ए हे दीर्घकाळ जपायच्या अभिलेखाचे प्रचलित प्रमाण आहे. त्याहून भारी आकडे विनिर्देशात घातले की स्पर्धा कमी होते आणि उपयोग शून्य.

एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून मापे उतरवलेली लगेच ओळखू येतात. रुंदी ९१४ मिमी, वजन ३.८ किलो अशी नेमकी मापे म्हणजे कोणासाठी तरी शिवलेला कपडा. मापे किमान-कमाल पट्ट्यात द्या आणि मागितलेल्या प्रत्येक गुणाचे एका ओळीत कारण लिहून ठेवा. पुढे निविदापूर्व आक्षेप आला तर हीच टिपणी कामी येते.

मागणी एकत्र करा. रॅक आणि स्कॅनर वेगळ्या वस्तू आहेत, त्यांच्या दोन खरेद्या होणे हे तुकडे नव्हेत. पण तालुक्याच्या सात न्यायालयांना लागणारे एकाच प्रकारचे रॅक, प्रत्येक न्यायालयाने मर्यादेच्या आत बसतील असे वेगवेगळे घेतले, तर ते तुकडेच. लेखापरीक्षक प्रमाणकांवरच्या (व्हाउचरवरच्या) तारखा आणि पुरवठादाराचे नाव शेजारी ठेवून बघतो, त्याला बाकी काही लागत नाही.

मान्यतेचा क्रम साधा आहे. प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या वित्तीय अधिकारात बसत असेल तर खरेदी समितीच्या शिफारशीवर तेच मान्यता देतात. त्यापलीकडचा प्रस्ताव उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल). उच्च न्यायालयाच्याही अधिकारापलीकडे किंवा नवीन बाब (अर्थसंकल्पात आधी नसलेला खर्च) असेल तर तिथून विधि व न्याय विभागाकडे आणि वित्त विभागाच्या सहमतीला. विभागाला जिल्ह्यातून परस्पर पत्र पाठवू नका. ते परत येतेच, शिवाय कारणे विचारली जातात. खरेदी समितीत न्यायिक अधिकाऱ्यांबरोबर प्रबंधक, नाझर आणि विषय समजणारा एक तांत्रिक माणूस हवा. इतिवृत्तावर बैठकीच्या दिवशीच सह्या घ्या. मागाहून घेतलेल्या सहीच्या दिवशी एखादा सदस्य रजेवर असल्याचे हजेरीपत्रकावरून उघड होते.

जेमवरून (शासकीय ई-बाजारपेठ) घेत असाल तर रकमेप्रमाणे तीन पायऱ्या असतात: थेट खरेदी, वेगवेगळ्या उत्पादकांच्या किमान तीन वस्तूंची तुलना, आणि त्यावर बोली किंवा उलट लिलाव (ज्यात विक्रेते दर खाली आणत जातात). तुलनेत एकाच उत्पादकाच्या तीन विक्रेत्यांचे दर लावणे ही तुलना नव्हे. खरेदीदार आणि माल स्वीकारणारा या भूमिका वेगळ्या व्यक्तींकडे ठेवा. एका खात्यात दोन्ही मिळाल्या की आदेश देणाराच माल चांगला असल्याचे प्रमाणपत्र देतो. माल पोचल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच आणि १० दिवसांत तपासून स्वीकृती, अशी घडी आहे. रॅक जोडून, भार ठेवून, स्कॅनर चालवून बघायला हेच १० दिवस. ते फुकट गेले की नाकारण्याचा मार्ग अवघड होतो.

महाटेंडर्सवर (राज्याचे ई-निविदा संकेतस्थळ) दोन लिफाफ्यांची, म्हणजे तांत्रिक आणि दराचा लिफाफा वेगळा असलेली, निविदा असेल तर एक जागा विशेष सांभाळा. आलेली बोली ती उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल प्रमाणपत्राने कुलूपबंद होते. उन्हाळी सुटीच्या सुमारास न्यायिक अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या होतात. निविदा एप्रिलमध्ये काढली, उघडणारे म्हणून नेमलेले बदलून गेले, नाहीतर कोणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, की आलेल्या बोली उघडत नाहीत आणि फेरनिविदा करावी लागते. चार जण नेमा, त्यांतले कोणतेही दोन चालतील अशी रचना ठेवा, निदान दोघे बदलीच्या टप्प्यात नसलेले कर्मचारी असू द्या आणि निविदा प्रसिद्ध करण्याआधी चौघांच्या प्रमाणपत्रांची मुदत बघा.

तांत्रिक लिफाफ्यात कोणाला अपात्र ठरवले तर कारण निविदेतल्या अटीच्या क्रमांकासह लिहा. निविदेत नसलेली अट मूल्यमापनात आली की पुढचा वाद हरल्यातच जमा. दरांची तुलना कर, वाहतूक, जोडणी आणि हमीकाळातली देखभाल धरून, एकूण रकमेवर करा.

देयकाचे एक उदाहरण. समजा रॅकची किंमत कर वगळून ६,००,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी १,०८,०००, एकूण ७,०८,०००. कराराचे मूल्य कर वगळून अडीच लाखांवर असल्याने मूळ किमतीवर २ टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे १२,००० कापायचे. पुरवठादाराला ६,९६,०००. कपात ७,०८,००० वर करणे ही नेहमीची चूक. विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि कापलेली रक्कम भरायची राहिली तर १८ टक्के व्याज. ते कोणाच्या खिशातून, यावर पुढे लेखापरीक्षणात स्वतंत्र पॅरा (आक्षेपाचा परिच्छेद) होतो. निव्वळ वस्तूच्या पुरवठ्यावर कंत्राटदाराची प्राप्तिकर कपात लागत नाही, वार्षिक देखभालीच्या करारावर लागते. दोन्ही एका देयकात आले तर रकमा वेगळ्या दाखवायला लावा.

मार्चअखेरचे प्रलोभन वेगळे सांगायला हवे. २८ मार्चला माल आलेला नाही, निधी व्यपगत होणार, म्हणून साठा नोंदवहीत ‘प्राप्त’ लिहून देयक कोषागारात टाकायचे आणि पैसे पुरवठादाराकडे नाहीतर धनाकर्षात (डिमांड ड्राफ्टमध्ये) अडकवून ठेवायचे. ही गंभीर अनियमितता आहे. तरतूद वाचवण्यासाठी रक्कम काढणे कोषागार नियमांना मान्य नाही आणि खोट्या प्राप्ती प्रमाणपत्राची जबाबदारी सही करणाऱ्यावर वैयक्तिक येते. पुरवठ्याची चलने, गाडीची नोंद आणि नोंदवहीची तारीख जुळत नाहीत, तिथे ते सापडते. रक्कम वेळेत समर्पित करा (शासनाला परत द्या) आणि पुढच्या वर्षी मागा. वेळेत केलेले समर्पण हा दोष नव्हे.

देखरेखीचे थर कितीतरी आहेत. दरमहा खर्चाचा महालेखापाल कार्यालयाच्या आकड्यांशी ताळमेळ. मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालये आहेत, तुमचा जिल्हा ज्याच्याकडे असेल तिथे. नाझराच्या रोकडीची अचानक पडताळणी. प्रधान जिल्हा न्यायाधीशांची दुय्यम न्यायालयांची वार्षिक तपासणी. उच्च न्यायालयाकडून येणारी तपासणी, आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी नेमलेले पालक न्यायमूर्ती. याशिवाय महालेखापालांचे लेखापरीक्षण. न्यायनिर्णयाशी त्याचा संबंध नाही, पण प्रमाणकाशी पूर्ण आहे. पथक आधी हाफ मार्जिन, म्हणजे आक्षेपाची प्राथमिक टिपणी देते. त्याला तिथेच कागदासह उत्तर दिले तर बरेच मुद्दे निरीक्षण अहवालात जातच नाहीत. ‘नोंद घेतली, पुढे दक्षता घेऊ’ असे उत्तर म्हणजे कबुली. मोठे मुद्दे अहवालात जाऊन विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपर्यंत पोचू शकतात. कर्मचाऱ्यांवरची शिस्तभंगाची कारवाई १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली जिल्हा पातळीवर होते; न्यायिक अधिकाऱ्यांवरची उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात.

इतके थर असूनही सर्वात दुबळी जागा जडसंग्रह नोंदवहीचीच राहते. ई-कोर्ट्सचा पहिला टप्पा २०११ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१५ मध्ये, आणि ७,२१० कोटींच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. प्रत्येक टप्प्यात आलेले साहित्य राज्याच्या निधीतल्या साहित्यात मिसळलेले असते, तालुक्याला पाठवलेल्याची पोच नसते आणि मेलेले यूपीएस कोठडीत असतात. प्रत्येक वस्तूवर योजना, वर्ष आणि अनुक्रमांक रंगवा, केंद्रीय निधीची नोंद वेगळ्या पानांवर ठेवा. निर्लेखन करताना (वस्तू नोंदीतून काढताना) ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकालाच द्यावा लागतो; तसे २०२२ चे ई-कचरा नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू. भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. हार्ड डिस्क आधी काढून पुसा किंवा फोडा, तिच्यात बंद दाराआड चाललेल्या प्रकरणांचे जबाब असू शकतात.

बांधकाम हा वेगळा प्रांत आहे. न्यायालयाची इमारत न्यायालय बांधत नाही, सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो. प्रशासकीय मान्यता विधि व न्याय विभागाची, तांत्रिक मान्यता अभियंत्यांची, नकाशावर उच्च न्यायालयाची संमती. १९९३-९४ पासूनच्या केंद्र पुरस्कृत योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४०. तुमच्या शाखेकडे यातले एकच काम येते: इमारत ताब्यात घेताना फर्निचर अंदाजपत्रकात होते की नव्हते ते बघणे. होते आणि पुन्हा खरेदी केले, तर दुबार खर्चाचा पॅरा.

वाद झाला तर पुरवठादार अनुच्छेद २२६ खाली त्याच उच्च न्यायालयात जाऊ शकतो. प्रशासकीय बाजूने घेतलेला निर्णय न्यायिक बाजूने तपासता येतो. त्या निर्णयात भाग घेतलेले न्यायमूर्ती ते प्रकरण ऐकत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज आला तर २००९ च्या महाराष्ट्र जिल्हा न्यायालये माहिती अधिकार (सुधारित) नियमांप्रमाणे उत्तर द्या. निविदा अंतिम झाल्यावर तुलनात्मक तक्ता, समितीचे इतिवृत्त आणि पुरवठा आदेश ‘न्यायालयीन अभिलेख’ म्हणून नाकारता येत नाहीत. ते प्रशासकीय कागद आहेत. व्यापारी गोपनीयतेचा कोणी दावा केलाच, तर माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(डी) नेमक्या कोणत्या पानाला लागते ते लिहा, बाकीची पाने द्या.